दुहेरीचा खेळाडू

थंडी पडू लागली, की आपल्या बेळगावात गल्लोगल्ली एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. दोन बांबूंना जाळी बांधलेली असते, जमिनीवर चुन्याच्या रेघा ओढलेल्या असतात, कोणाच्या तरी घरातून तार ओढून वर दिवा टांगलेला असतो, आणि त्या उजेडात चार मुले बॅडमिंटन खेळत असतात. निपाणीत, खानापुरात, चिकोडीतही थोड्याफार फरकाने हेच पाहावयास मिळेल. गेल्या हिवाळ्यात अशाच एका खेळापाशी मी क्षणभर थबकलो. पलीकडच्या मुलाने फूल उंच न उचलता सरळ मारले आणि ते अलीकडच्या दोघांच्या अगदी मधोमध येऊन पडले. दोघांनीही रॅकेट उचलली, पण हलले कोणीच नाही. मग एकजण जोडीदाराकडे वळून म्हणाला, "तुझं होतं की ते!" जोडीदार कानडी शाळेत जाणारा होता. तोही तितक्याच तडफेने म्हणाला, "निंदु!" भाषा दोन होत्या, म्हणणे मात्र एकच होते. ते फूल माझे नव्हते, तुझे होते.

ते फूल खरोखर कोणाचे होते, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. दुहेरी बॅडमिंटनचे सारे शास्त्र या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी उभे आहे. काही खेळाडूंनी तर आपले उभे आयुष्य हेच उत्तर शोधण्यात घातले आहे. त्यांपैकी एकाची कारकीर्द आज आपणांपुढे मांडण्याचा माझा विचार आहे. पण त्याआधी दुहेरी हा एकेरीहून मुळातच वेगळा खेळ कसा आहे, हे थोडक्यात पाहू.

बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी १७ फूट धरतात, दुहेरीसाठी २० फूट. म्हणजे माणसे दुप्पट झाली, तरी जागा वाढते ती अवघी तीन फूट. सर्व्हिसच्या वेळी तर दुहेरीचे कोर्ट मागील बाजूने अडीच फुटांनी आखूड होते. या अडीच फुटांत सारे मर्म आहे. एकेरीत खेळाडू सर्व्हिस उंच आणि खोल टाकून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटू शकतो. दुहेरीत ती सोय उरत नाही. समोरचा खेळाडू पुढच्या रेषेला पाऊल भिडवून वाघासारखा टपलेला असतो. फूल जाळीवरून बोटभर उंच गेले, तरी तो ते झडप घालून खाली मारतो. म्हणून दुहेरीतील सर्व्हिस ही जाळीला जवळजवळ घासून जाणारी, हलकी आणि कसबाची गोष्ट असते.

त्यानंतर सुरू होतो जागांचा खेळ. आपली जोडी चढाईवर असेल, तर एकाने मागे राहून स्मॅश मारावयाचे आणि दुसऱ्याने जाळीपाशी उभे राहून परत येणारे फूल टिपावयाचे. बचावाची वेळ आली, की दोघांनी शेजारी-शेजारी पसरून अर्धे अर्धे अंगण सांभाळावयाचे. ही अदलाबदल एका मिनिटात अनेकदा होते, आणि ती विचारून करता येत नाही, कारण विचारावयास वेळच नसतो. जोडीदार हलला, की आपण हलावयाचे. तो चुकला, की ती जागा आपली. बचावात दोघांच्या मधोमध येणाऱ्या फुलाबद्दल साधारण संकेत असा, की ज्याचा रॅकेटचा हात मध्याकडे आहे, त्याने ते घ्यावे. दोघेही उजव्या हाताने खेळणारे असतील, तर ते काम डावीकडच्याचे. तेव्हा बेळगावच्या त्या मुलांच्या वादाला शास्त्रोक्त उत्तर होते. पण नुसता संकेत ठाऊक असून भागत नाही. दोघांनाही तो एकाच क्षणी आठवावा लागतो.

इतके सारे असूनही दुहेरीच्या खेळाडूला आपल्याकडे मान थोडा. फार दूर कशाला, आपल्या शेजारच्या सांगलीचे उदाहरण घ्या. तेथे १९३३ साली जन्मलेले नंदू नाटेकर यांचे नाव आपणांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नकोच. ते आधी टेनिस खेळत. कुमारांच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हार पत्करल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, राष्ट्रीय विजेते झाले. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथे सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशातील आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधील तो पहिला मान त्यांचाच होता. २०२१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या मनगटाची आणि त्या मोहक एकेरी खेळाची आठवण काढली, आणि ते योग्यच झाले. पण हिशेब करून पाहा. नाटेकरांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीत सहा, पुरुष दुहेरीत सहा आणि मिश्र दुहेरीत पाच विजेतेपदे मिळविली. म्हणजे सतरांपैकी अकरा विजेतेपदे त्यांनी जोडीदारासह मिळविलेली होती! कानडीत 'नंदु' म्हणजे 'माझे'. आपल्या सीमाभागातील माणसाला या नावाची गंमत वाटल्यावाचून राहणार नाही, कारण या नंदूंचे निम्म्याहून अधिक यश एकट्याचे नव्हतेच.

याच मालिकेत पुण्याच्या देवधर भगिनींचे नाव घ्यावयास हवे. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय बॅडमिंटनवर आपली छाप उमटविली. एका घरात वाढलेल्या बहिणी एका कोर्टावर उभ्या राहिल्या, तर त्यांना 'तुझे' आणि 'माझे' यांचा वाद घालावा लागत नसेल, अशी कल्पना आपण सहज करू शकतो. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळविले. वर्ध्यात जन्मलेल्या ज्वाला गुट्टा यांनी कोडगूच्या घराण्यातील अश्विनी पोनप्पा यांच्यासह २०१० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ मध्ये जागतिक स्पर्धेचे कांस्यपदक जिंकले. ज्वालांनी तर दुहेरीच्या उपेक्षेबद्दल उघड तक्रारही अनेकदा केली होती. देशातील शिबिरे, शिक्षक, पैसा आणि कौतुक यांचा ओघ एकेरीकडे वाहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

या पार्श्वभूमीवर मी आज ज्या खेळाडूविषयी बोलणार आहे, ते म्हणजे मुंबईचे चिराग शेट्टी. त्यांचा जन्म १९९७ चा. घराणे तुळूभाषिक, वाढ मुंबईच्या उपनगरातील. गोरेगावला उदय पवार यांच्या हाताखाली त्यांनी खेळाचे प्राथमिक धडे गिरविले, आणि पुढे हैदराबादला गोपीचंद यांच्या अकादमीत ते दाखल झाले. तेथे त्यांची गाठ आंध्रातील अमलापुरमहून आलेल्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी या तेलुगूभाषिक मुलाशी पडली. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी या दोघांना एकत्र आणले.

ही निवड त्या वेळी अनेकांना विचित्र वाटली असेल. रूढ समजूत अशी, की जोडीत एक मारणारा असावा आणि दुसरा जाळीपाशी चतुराई करणारा असावा. येथे तर दोघेही उंचेपुरे आणि दोघेही मागून घणाघाती फटके मारणारे! एका घरात दोन कर्ते पुरुष असले, की चुलीपाशी कोण बसणार, असाच हा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्या दोघांनी कष्टाने शोधले. दोघांनाही पुढे येऊन जाळीजवळचे बारीक काम शिकावे लागले. सात्त्विक यांच्या फटक्याचा वेग २०२३ मध्ये जपानमध्ये मुद्दाम घेतलेल्या चाचणीत ताशी ५६५ किलोमीटर भरला. तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. हा आकडा ऐकून आपण थक्क होतो. पण दुहेरीत मागच्याने मारलेला असा फटका अनेकदा नुसती वाट मोकळी करतो. कसेबसे परतलेले फूल टिपून गुण घेतो तो पुढचा. टाळ्या मागच्याला पडतात, आणि पुढचा मुकाट्याने पुढील सर्व्हिसच्या तयारीला लागतो. ज्याला हे सहन होत नाही, त्याने दुहेरीच्या वाटेला जाऊ नये.

२०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीने रौप्यपदक मिळविले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बँकॉक येथे थायलंडची खुली स्पर्धा जिंकताना अंतिम सामन्यात त्यांनी त्या वेळच्या जगज्जेत्या चिनी जोडीला नमविले. त्या श्रेणीची स्पर्धा जिंकणारी ती पहिलीच भारतीय पुरुष जोडी. या यशाचा आनंद ओसरतो न ओसरतो, तोच सात्त्विक यांचा खांदा दुखावला आणि जागतिक स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. येथे दुहेरीच्या खेळाडूचे खरे दुःख ध्यानी येते. चिराग शेट्टी धडधाकट होते, त्यांचा सराव झालेला होता, पण खांदा दुखत होता दुसऱ्याचा. एकेरीच्या खेळाडूचे नशीब त्याच्या एकट्याच्या देहाशी बांधलेले असते. दुहेरीच्या खेळाडूचे नशीब दोन देहांशी बांधलेले असते, आणि त्यांतील एक त्याच्या ताब्यात नसतो.

मग आले टोकियोचे ऑलिंपिक. ते २०२१ च्या जुलैमध्ये झाले. गटातील पहिल्याच सामन्यात चिराग आणि सात्त्विक यांनी तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना तिसऱ्या गेममध्ये २७-२५ असे हरविले. दुसऱ्या सामन्यात इंडोनेशियाच्या जोडीकडून ते हरले, तर तिसऱ्यात त्यांनी ब्रिटिश जोडीला सरळ दोन गेममध्ये नमविले. तीनपैकी दोन सामने जिंकूनही ते बाद झाले! गटातील तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले होते. मग जिंकलेल्या आणि हरलेल्या गेमचा हिशेब लागला, आणि त्यात आपली जोडी थोडक्यात मागे पडली. पुढे जाऊन सुवर्णपदक कोणी जिंकले, तर पहिल्याच दिवशी आपल्या जोडीकडून हरलेल्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनीच. ज्यांना आपण हरविले, ते विजयाच्या मंचावर उभे आहेत आणि आपण घरी परतत आहोत, हे पाहावे लागणे किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

अशा वेळी जोड्या फुटतात. एकमेकांकडे बोट दाखविणे सोपे असते. गल्लीतल्या त्या मुलांप्रमाणे 'तुझे होते' असे म्हटले, की आपली बाजू सुटते. या दोघांनी ती वाट धरली नाही. डेन्मार्कचे माजी ऑलिंपिक रौप्यपदक विजेते मथियास बो हे त्यांचे प्रशिक्षक झाले होते, आणि त्यांच्या देखरेखीखाली खेळाची पुन्हा जुळवाजुळव झाली.

त्याचे फळ २०२२ च्या मे महिन्यात बँकॉकमध्ये दिसले. पुरुषांच्या सांघिक विजेतेपदाच्या थॉमस चषकासाठी भारत प्रथमच अंतिम फेरीत उतरला होता. समोर चौदा वेळा हा चषक जिंकलेला इंडोनेशिया. लक्ष्य सेन यांनी पहिला सामना जिंकून दिला होता. दुसरा सामना चिराग आणि सात्त्विक यांचा, मोहम्मद अहसान आणि केविन संजया सुकामुल्जो या कसलेल्या खेळाडूंशी. पहिला गेम आपण १८-२१ असा गमावला. दुसऱ्यात तर सामना हातातून गेल्यातच जमा होता. इंडोनेशियाला विजयासाठी एकच गुण हवा, अशी वेळ चारदा आली, आणि चारही वेळा आपल्या जोडीने ती परतवून लावली. तो गेम २३-२१ आणि तिसरा २१-१९ असा जिंकून त्यांनी भारताची आघाडी २-० केली. नंतर किदांबी श्रीकांत यांनी तिसरा सामना जिंकला आणि थॉमस चषक प्रथमच भारतात आला. नाटेकरांच्या पिढीने याच चषकासाठी झुंज दिली होती. त्या साऱ्यांचे ऋण त्या संध्याकाळी फिटले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच वर्षी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण आणि टोकियोला जागतिक कांस्यपदक त्यांनी मिळविले. २०२३ मध्ये दुबईत ते आशियाई विजेते झाले. १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी एकेरीत मिळविलेल्या विजेतेपदानंतर भारताला या स्पर्धेत मिळालेले ते पहिलेच सुवर्ण. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला हांगझौ येथे त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला बॅडमिंटनचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, आणि तीनच दिवसांनी ते जागतिक क्रमवारीत पहिले ठरले. हा मान कोणत्याही भारतीय जोडीला त्यापूर्वी मिळाला नव्हता.

तथापि ही काही परीकथा नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदकाची सर्वांना खात्री वाटत असताना उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ॲरन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून ते पहिला गेम जिंकूनही हरले. सुमारे एका वर्षाने, २०२५ च्या जागतिक स्पर्धेत, त्याच शहरात, त्याच सभागृहात, उपांत्यपूर्व फेरीतच समोर तीच मलेशियन जोडी उभी ठाकली. या खेपेस चिराग आणि सात्त्विक यांनी सरळ दोन गेममध्ये सामना जिंकला आणि कांस्यपदक निश्चित केले. ऑलिंपिकचे पदक त्यामुळे परत मिळाले नाही, हे खरे. पण हरलेल्या जागी पुन्हा त्याच जोडीदारासह जाऊन उभे राहणे, हेच मोठे धैर्याचे काम होय.

आता जरा पूर्वेकडे दृष्टी टाकू. दुहेरीचा खेळाडू घडवावा कसा, हे जपानकडून शिकण्यासारखे आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अयाका ताकाहाशी आणि मिसाकी मात्सुतोमो या जोडीने जपानला बॅडमिंटनचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. अंतिम सामन्याच्या निर्णायक गेममध्ये त्या १६-१९ अशा पिछाडीवर होत्या, आणि तेथून सलग पाच गुण घेऊन २१-१९ असा तो गेम त्यांनी जिंकला. या दोघी सेंडाई येथील एकाच शाळेत शिकल्या आणि तेथेच एकत्र खेळू लागल्या. पुढे दोघींना एकाच कंपनीच्या संघात जागा मिळाली. जपानमध्ये मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देऊन आपले संघ पोसतात. त्यामुळे जोडी शाळेपासून ऑलिंपिकपर्यंत अभंग राहू शकते. २०२० मध्ये ताकाहाशी निवृत्त झाल्या, तेव्हा मात्सुतोमो यांना मिश्र दुहेरीत नव्या जोडीदारासह नवी सुरुवात करावी लागली. सोने मिळविलेल्या खेळाडूलाही जोडीदार गेल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. म्हणूनच शहाणे लोक जोडी लवकर जुळवितात आणि ती जिवापाड जपतात.

श्रोतेहो, हे सारे आपल्या भागाला लागू कसे पडते, असे आपण विचाराल. आपल्याकडे हौस पुष्कळ, पण बंदिस्त सभागृहे थोडी. संध्याकाळी एका कोर्टामागे दहा मुले वाट पाहत असतात. अशा ठिकाणी चौघांना एका वेळी खेळता येतो तो दुहेरीचाच खेळ. निपाणीच्या वखारीच्या आवारात असो वा बेळगावच्या कँपात असो, आपली मुले रोज दुहेरीच खेळत असतात. पण दुहेरी म्हणून ती त्यांना कोणी शिकवीत नाही. पालक विचारतात, 'आमचा मुलगा एकेरीत कधी उतरणार?' दुहेरी म्हणजे एकेरी न जमणाऱ्यांची सोय, हा समज अजून आपल्या मनातून गेलेला नाही. चिराग शेट्टी यांची कारकीर्द हा समज खोटा ठरविते. क्रीडाशिक्षकांनी दोन मुलांची जोडी लवकर जुळवावी, एक वर्ष तरी ती मोडू नये, हरल्यावर दोघांना एकत्र बसवून चुका सांगाव्यात, आणि सर्व्हिस व जाळीजवळचा खेळ यांना स्मॅशइतकाच वेळ द्यावा. याला पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी.

आणखी एक गोष्ट. जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या त्या जोडीतील एकाच्या घरी तुळू बोलतात, दुसऱ्याच्या घरी तेलुगू. कोर्टावर मात्र दोघांनी तिसरीच एक भाषा तयार केली. ती पावलांची आणि खांद्यांची भाषा आहे. एक मागे सरला, की दुसरा पुढे येतो. आपल्या सीमाभागात मराठी आणि कानडी बोलणारी मुले एकाच गल्लीत, एकाच जाळीच्या एकाच बाजूला उभी असतात. ही भाषा शिकण्याची सोय त्यांच्या दाराशीच आहे.

त्या संध्याकाळी मी थोडा वेळ तेथेच उभा राहिलो. दिव्याभोवती किडे घोंघावत होते. खेळ पुन्हा सुरू झाला. चार-पाच फटक्यांनंतर फूल पुन्हा तसेच दोघांच्या मधोमध आले. या वेळी दोन्ही पोरे एकदम धावली आणि रॅकेटवर रॅकेट आपटली. फूल पडले ते पडलेच. पण कोणी कोणाला 'तुझे' म्हटले नाही. मराठी पोर हसून म्हणाले, "माझं होतं." कानडी पोर म्हणाले, "नंदु."

मला वाटते, श्रोतेहो, दुहेरीचा पहिला धडा त्यांना त्याच क्षणी मिळाला.